हळद-लोण्याची वाटी

उद्या पोळा. शेजारच्या गोठ्यात बैलांचे जू ओढून दुखावलेले खांदे हळद-लोण्याने चोळताहेत. तो वास आला आणि मी पुन्हा सावंगीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत जाऊन बसले.

समोर आंजी गावची नऊ वर्षांची प्रणाली. नात्यातल्याच माणसाने तिच्यावर अत्याचार केला होता. तीन महिने ती येत होती, पण चकार शब्द बोलली नव्हती. आईचं मात्र दरवेळी तेच, "मीच इले एकटी ठेवून वावरात गेलती, मॅडम."

त्या दिवशीही पोळ्याची आदली दुपार होती, म्हणून मी लाकडी नंदी आणि हळद-लोण्याची वाटी मांडली. प्रणालीने बोटं बुडवून नंदीचा खांदा चोळला आणि बैलांना देतात ते जेवणाचं आमंत्रण पुटपुटली, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

पोरगी बोलली! मी वेड्यासारखी वहीत टिपायला धावले. खरं नवल तर पुढेच होतं. ती उठली, आईच्या मागे गेली आणि उरलेली हळद तिच्या खांद्याला चोळू लागली.

"तुया खांदाही दुखत असन ना, माय?"