नलूताईंचं पानिपत

सुट्टी आली की दिल्लीच्या आर. के. पुरममधली माणसं मॉलमध्ये जातात, नाहीतर मथुरा-वृंदावनला. आमच्या समोरच्या क्वार्टरमधल्या नलूताई मात्र जिथे माणसं मेली तिथे जात. कधी अमृतसरची ती बाग, आणि दर संक्रांतीला न चुकता पानिपत. एका मंत्रालयात नोकरी करणारी ही एकटी बाई नवीन वर्ष उजाडताच संक्रांतीची ऐच्छिक सुट्टी टाकून मोकळी होई. "अहो वहिनी, मौज करायला रविवार आहेत की," असं वर मलाच ऐकवत.

त्यांच्या जाण्याचं मला काही नव्हतं. खुपायचं ते हे, की त्यांच्याबरोबर माझी मुक्ता जायची. घरात माझ्याशी "छोड़ ना मम्मी, यार" यापलीकडे न बोलणारी ही मुलगी नलूताईंशी घडाघडा मराठी बोले. परत आली की जेवताना सारखं "नलूमावशी असं म्हणाली, नलूमावशी तसं म्हणाली." खरं तर माझ्या सासरचा एक पूर्वज त्या लढाईत पडला, असं सासूबाई सांगत. नलूताईंचं तिथे कुणीच नव्हतं. म्हणजे दुःख आमच्या घरचं आणि रडणार या! सरळ सांगते, माझा जळफळाट व्हायचा.

एका वर्षी मी हट्टाने बरोबर गेले. काळी चंद्रकळा नेसले, डबाभर तिळाचे लाडू घेतले आणि बसमध्ये मुक्ताच्या शेजारची जागा आधी पटकावली. लढाईच्या जागी, काळ्या आंब्याच्या बागेत पोचल्यावर नलूताई चपला काढून स्मारकाच्या स्तंभासमोर मुकाट उभ्या राहिल्या. भाषण नाही, फोटो नाही. थोड्या वेळाने त्यांच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं. मीही खूप प्रयत्न केला, पण मला काही रडू येईना.

मग मी डबा उघडला आणि महाराष्ट्रातून आलेल्या मंडळींना "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हणत लाडू वाटत सुटले. एका वयस्क गृहस्थांनी हात मागे घेतला. "बाई, इथे गोडधोड वाटतात का?"

"मम्मी, प्लीज! सब देख रहे हैं," मुक्ता पुटपुटली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

नलूताई पुढे आल्या आणि डब्यातला एक लाडू उचलून त्या गृहस्थांना म्हणाल्या, "वाटू द्या हो त्यांना. त्या वर्षीही घरोघरी कुणीतरी इथे पडलेल्यांसाठी तिळगूळ राखून ठेवलाच असेल." गृहस्थांचा हात आपोआप पुढे आला. मुक्ता नलूताईंकडे बघतच राहिली. तसं तिने माझ्याकडे कधी बघितल्याचं मला आठवत नाही. तीळ मी भाजले, पाक मी केला, आणि सगळ्यांचे डोळे भरून आले ते त्यांच्या एका वाक्याने. माझी लाज त्यांनी राखली, हे मला कळत होतं. म्हणून तर मी आणखीच जळले.

गेल्या पावसाळ्यात नलूताई गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं. मुक्ता आता मानेसरच्या एका कारखान्यात इंजिनियर आहे. यंदा संक्रांतीला रजा घेऊन आली आणि म्हणाली, "मी पानिपतला चाललेय." तिने बोलावलं नव्हतं, तरी मी चपला पायात सरकवल्या.

मुक्ता स्तंभासमोर उभी राहिली आणि हमसून हमसून रडायला लागली. लढाईसाठी नव्हे, हे मला लगेच कळलं.

"मावशीचं कुणीच नव्हतं ना, मम्मी," ती म्हणाली.

"तू होतीस की," मी म्हणून गेले आणि लगेच जीभ चावली. एवढी मोठी गोष्ट मी त्या बाईला आपल्या हाताने देऊन टाकली होती. मनात आलं, मी गेल्यावर ही इतकी रडेल का?

विचारलं नाही. तिला जवळ ओढलं आणि तिचं डोकं खांद्यावर घेतलं. रडत होती ती नलूताईंसाठी. खांदा मात्र माझा होता.