दांडपट्ट्याची दुसरी किल्ली

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सकाळी चाकणजवळच्या एका गावातील सार्वजनिक वाचनालयातून जुना दांडपट्टा नाहीसा झाल्याची तक्रार आमच्या ठाण्यात आली. हे प्रकरण आठवले की आजही माझे डोके तापते.

वाचनालयात गावच्या जुन्या वस्तूंचे एक काचेचे कपाट होते. त्यातला दांडपट्टा सर्वांत मोलाचा. पाते काळवंडलेले होते, पण हात झाकणाऱ्या धातूच्या खोबळ्यावर चांदीची बारीक वेलबुट्टी होती आणि ती पाहायला पुण्याहून जाणकार येणार होते. पंचनाम्यात कपाटाचे कुलूप शाबूत आढळले. वाचनालयाच्या अध्यक्षांचा संशय ग्रंथपाल बाईंवर होता. त्या मानधनावर काम करत आणि रुजू होऊन सहाच महिने झाले होते.

"किल्ली एकच, ती हिच्याकडं. आता अजून काय तपास करायचा, साहेब?" अध्यक्ष म्हणाले.

बाईंचा जबाब सुरू असताना ठाण्याच्या दारात गावकरी जमले. बाई म्हणाल्या, "मी नेला नाही. पण उद्या हे प्रकरण मिटले तरी गावात मला चोरच म्हणतील." जबाब संपेस्तोवर संध्याकाळ झाली; सूर्यास्तानंतर महिलेला ठाण्यात बसवून ठेवता येत नाही. मी त्यांना घरी पाठवले. अध्यक्ष माझ्यावरच चिडले.

दुसऱ्या दिवशी खबऱ्याचा फोन आला. भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये लांब पात्याचे हत्यार चकाकत होते. टोळीचा माल असेल म्हणून हवालदारांना घेऊन गेलो. मशिनला झेंडूच्या माळा, पुढे पाटावर पाने, हातोडे आणि मधोमध दांडपट्टा.

"मामांनी दिलाय, साहेब," वर्कशॉपवाला म्हणाला. "पूजेला काळं हत्यार बरं दिसत नाही. कालच बफिंग मारलं. बघा, तोंड दिसतंय!"

खोबळ्यावर हात फिरवला. गुळगुळीत. वेलबुट्टी नव्हती.

हे मामा म्हणजे वाचनालयाचे माजी अध्यक्ष. पट्टा त्यांच्याच घराण्याने दिलेला. त्यांना ठाण्यात बोलावून घेतले.

"चोरी कसली? आमच्या पणज्याचा पट्टा हाय. दर नवमीला नेतो, दसरा झाला की ठेवतो. दुसरी किल्ली माझ्याकडंच हाय."

"मग यंदा नव्या अध्यक्षांना सांगितलं का नाही?"

"त्याला? निवडणुकीत मला पाडून बसला, त्याच्या म्होरं जाऊ व्हय?"

विद्यमान अध्यक्षांना समोर बोलावले. मामा दर वर्षी पट्टा नेतात हे ठाऊक होते का, असे विचारले.

"होतं की. पण विचारायला मी त्यांच्या दारात जायचं का?"

गावात चौकशी केली. हा रिवाज बहुतेकांना माहीत होता. जबाबाच्या दिवशी ठाण्याच्या दारात जमलेल्यांपैकी एक जण म्हणाला, "आमाला वाटलं, तुमाला ठाऊक आसंल." माहीत नव्हते ते एकट्या बाईंना. त्यांनी अजून वाचनालयातला दसरा पाहिलाच नव्हता. तेव्हापासून चोरीच्या तक्रारीत मी वस्तूआधी एक गोष्ट विचारू लागलो: इथे कोण कोणाशी बोलत नाही?

चोरी झालीच नव्हती, गैरसमजातून गुन्हा दाखल झाला, असा 'क' समरी अहवाल न्यायालयात पाठवला. पट्टा कपाटात परत गेला. पुण्याचे जाणकार येऊन तो पाहून गेले. चहाला थांबले नाहीत. अध्यक्षांनी बाईंना कामावर यायचा निरोप धाडला. बाई आल्या नाहीत. मी निवृत्त झालो तेव्हा वाचनालयात ग्रंथपाल नव्हता. दुसरी किल्ली मामांकडेच होती.