आजारी पेन ड्राइव्हची माणसं

यवतला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह परत घेऊन जातं, किस्सा मात्र माझ्याकडंच ठेवून जातं. असे किती साठलेत, विचारू नका!

निमोण्याच्या एक शिक्षिका आल्या. पेन ड्राइव्ह उघडला, तर प्रत्येक फोल्डरच्या जागी शॉर्टकट! व्हायरसचंच काम.

म्हटलं, "मॅडम, सगळ्याचे शॉर्टकट झालेत."

बाई खूश! "बरं झालं की! उद्या तपासणी आहे, तेवढाच वेळ वाचेल!"

चौफुल्याकडं एका पोल्ट्रीच्या ऑफिसात पाच कॉम्प्युटर, सगळ्यांना मिळून एकच शेअर्ड फोल्डर. एक मशीन बिघडलं म्हणून मला बोलावलं. साफ केलं, निघालो. दारापर्यंत पोचतोय तोच ते पुन्हा बिघडलं! पुन्हा साफ, पुन्हा तेच.

मालक आप्पा इतका वेळ बघत होते. म्हणाले, "एक कोंबडी शिंकली तर आमी आख्खं शेड तपासतो. तू एकाच खुराड्यात हात घालून निघाला व्हय?"

पाचही मशीनच्या नेटवर्कच्या वायरी काढल्या, एकेक साफ केलं, मगच जोडलं. कॉलेजात हे इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं!

आता माझी फजिती. शिरूरच्या एका टायपिंग क्लासात अँटिव्हायरस टाकायला गेलो. माझा पेन ड्राइव्ह ओळीनं सगळ्या मशीनला लावला. दुसऱ्या दिवशी सरांचा फोन, "अरे, काल एकच आजारी होतं. तू औषध दिलंस आन् सगळीच झोपली!"

व्हायरसचा किडा माझ्याच पेन ड्राइव्हमधनं गेला होता. मान खाली घालून पुन्हा गेलो. सर दारातच उभे.

"तू आत ये. पेन ड्राइव्ह बाहेर ठेव!"

आणि पाटसचे एक आबा. मेंढरं विकून शेतीला लागलेले. मुठीत पेन ड्राइव्ह. त्यात नातवानं आजीचा आवाज भरून ठेवलेला. आजी गेल्या वर्षी वारल्या. कुणीतरी तो पेन ड्राइव्ह दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला लावला आणि आतलं सगळं दिसेनासं झालं.

आबांनी विचारलं, "ह्यातनं बी गेली का रं ती?"

"बसा आबा. हा किडा फायली खात न्हाई, नुसत्या लपवतो," मी म्हटलं. लपलेल्या फायली दिसायची कमांड दिली. एक फाईल वर आली. स्पीकर लावला.

आधी भांड्यांचा आवाज. मग एकदम ठसक्यात, "आवं, कवाची हाक मारतीय! भाकरी निवली. येताय न्हवं?"

आबा ताडकन उठले. चपलेत पाय घातले.

"आलो, आलो!"