मठाराचे मिस्त्री

"आयक," असे म्हणून मिस्त्री दिव्याचा तांब्याचा शेड थेट तुमच्या कानाशी आणायचे आणि बोटाच्या पेराने त्यावर ठोका द्यायचे. "काय आयकलास?"

"ठण्ण," मी म्हणायचो.

"बहिरा हायेस," असे म्हणत ते शेड काढून घ्यायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. हे माझ्या बाबतीत किमान शंभर वेळा झाले असेल.

दापोड्याच्या एका गोदामात मी डिस्पॅचचा कारकून आहे. श्रीमंतांच्या बंगल्यांत आणि मोठ्या हॉटेलांत जे दिवे नि खुर्च्या पाहून आपण किंमत विचारायला धजत नाही, ते आमच्याकडे तयार होतात. तांब्याचे दिवे मिस्त्री घडवायचे. जवळच्या दिघाशी गावचे राहणारे. तरुणपणी भिवंडीतल्या एका मुसलमान उस्तादाकडे लग्नाच्या बिर्याणीच्या डेगा ठोकायला शिकले. पुढे अ‍ॅल्युमिनियम आले, डेगांचे काम बसले, आणि मिस्त्री आमच्या गोदामात येऊन श्रीमंतांचे दिवे ठोकू लागले. शेठ असो की गेटवरचा वॉचमन, त्यांच्या तोंडी सगळ्यांना एकच 'तू' होता.

तांब्यावर हातोडीचे ओळीने ठसे दिसतात ना, त्याला मठार म्हणतात. तुम्हीआम्ही ती नक्षी समजतो. मिस्त्री त्यावरूनच भडकायचे. "नक्षी? अरं, मऊ पत्रा मार खाऊन कडक होतो. त्यासाठी मारायचं. दिसतं चांगलं, ती गोष्ट निराळी." तळाच्या मध्यापासून सुरुवात करून ते गोल गोल बाहेर येत. प्रत्येक ठोक्याला कान लावलेला असे. पत्रा कडक झाला की आवाज फिरायचा, आणि ते हातोडी खाली ठेवायचे. तो फिरलेला आवाज मला कधीच ओळखता आला नाही, म्हणून मी बहिरा.

हातोडीचे तोंड ते रोज सकाळी आरशासारखे घासत. त्यावर एक ओरखडा पडला तर तो प्रत्येक ठोक्यासोबत तांब्यावर उमटतो, हे मला ठाऊक नव्हते. एकदा पेटीचे झाकण ठोकायला मला हातोडी मिळेना. मी त्यांची उचलली आणि चार खिळे मारले. मिस्त्री जेवून आले, हातोडी हातात घेतली, अंगठा फिरवला. आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आठ दिवस दगडावर तिचे तोंड घासत होते. नवव्या दिवशी म्हणाले, "माज्या थोबाडावर मारला असतास तरी चाललं असतं." मग डब्यातली सुक्या जवळ्याची चटणी माझ्यापुढे सरकवली. इतकी तिखट चटणी मी आयुष्यात खाल्ली नाही, पण संपवली.

आमच्या डिझाइनवाल्या मॅडमनी एकदा दोन शेड शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, "मिस्त्री, हे एकसारखे नाहीत."

"तुजे दोन कान एकसारखे हायत का?" मिस्त्री म्हणाले. मॅडमचा हात नकळत कानाकडे गेला. आम्ही सगळे पेट्यांमागे तोंड लपवून हसलो.

मॅडम मात्र हसल्या नाहीत, आणि शेठही. हॉटेलच्या लॉबीची मोठी ऑर्डर आली तेव्हा शेडचे खोके टेंपोतून उतरले. सगळे प्रेसमध्ये दाबून काढलेले. पत्रा पातळ, ठसे सगळे एकाच मापाचे, एकाच खोलीचे. मिस्त्रींनी एक उचलला, ठोका दिला आणि मला न ऐकवताच खाली ठेवला.

त्या प्रत्येक शेडला एक कार्ड बांधायचे होते. ते बांधणे माझे काम. कार्ड इंग्रजीत होते आणि त्यावर लिहिले होते, की हा दिवा भिवंडीच्या वयोवृद्ध कारागिराने हाताने ठोकून घडवला आहे. कार्डाच्या कोपऱ्यात मिस्त्रींच्या हातांचा फोटो.

"काय लिवलंय?" त्यांनी मला विचारले.

"दिवा पुसायचा कसा, ते," मी म्हणालो.

खरे सांगितले असते तर काय झाले असते? फार तर त्याच दिवशी भांडण झाले असते. पण मला माझी ड्युटी प्यारी होती. या वाक्याचा मला आजही संताप येतो, तरी ते खरे आहे म्हणून लिहितो.

आठवड्याने शूटिंगवाले आले. मिस्त्रींना धुतलेला सदरा घालायला लावला, ठोकायच्या लोखंडी खुंटावर प्रेसचा शेड चढवला. शेठ म्हणाले, "हळू मारा मिस्त्री. नुसता हात वर-खाली दिसला पाहिजे."

"हळू मारून पत्रा कडक कसा व्हनार?"

"व्हायची गरज नाही. व्हिडिओ आहे."

मिस्त्रींनी हातोडी मांडीवर ठेवली. कॅमेरावाली मुलगी चांगली होती. ती शेजारी बसून त्यांना समजावू लागली, "चाचा, ये कार्ड पे जो लिखा है ना, वही दिखाना है. के ये सारे लॅम्प आपने अपने हाथ से बनाए."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले. शेठकडे नाही, मॅडमकडे नाही, माझ्याकडे. मी सुतळीचा गुंडा सोडवत बसल्याचे नाटक केले.

मग त्यांनी हात वर नेला आणि मारला. जोर लावला नाही, की राग काढला नाही. आयुष्यभर मारला तसाच एक ठोका मारला. शेडची बाजू भसकन आत गेली आणि पत्रा चिरला.

"अहो, काय केलंत हे!" शेठ ओरडले.

"मी रोजच्यासारखाच मारला," मिस्त्री म्हणाले. "पोकल तुजा माल हाय. माजा हात त्याला लावू नको."

"उद्यापासून येऊ नका."

"उद्या कशाला?" असे म्हणून त्यांनी हातोडी फडक्यात गुंडाळली आणि भर दुपारी निघून गेले. माझ्यासमोरून गेले, पण बोलले नाहीत. या वेळी नववा दिवस आलाच नाही. दिघाशी काही लांब नाही. रविवारी जाऊ, पुढच्या रविवारी जाऊ, असे मी म्हणत राहिलो. गणपतीनंतर ते वारल्याचे कळले, तेव्हा कुठे गेलो. तिथे कुणी मला ओळखत नव्हते, म्हणून कुणी काही विचारले नाही.

व्हिडिओ मात्र वाया गेला नाही. शेठनी ठोक्याच्या आधीचा भाग कापून घेतला. गोदामाला लागून असलेल्या आमच्या शोरूमच्या दारातच मोठ्या पडद्यावर तो दिवसभर चालतो. धुतला सदरा, वर जाणारा हात, खांद्याच्या वर थांबलेली हातोडी. की पुन्हा पहिल्यापासून. गिऱ्हाईक थांबते, मान डोलावते, फोटो काढते. मला दर वेळी वाटते, तो पडदा फोडावा. मी फोडत नाही. मी कार्डे बांधतो.

मागच्या महिन्यात मिस्त्रींची बायको आली. गावात कुणीतरी तिला सांगितले होते, की म्हातारा दापोड्याला टीव्हीवर दिसतो. डोक्यावरचा पदर सारखा करत ती पडद्यासमोर उभी राहिली. हात वर गेला, पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा वर गेला, पुन्हा पहिल्यापासून. मी तिला बसायला खुर्ची दिली. ती बसली नाही.

"फुडं मारत न्हायत का हे?" तिने विचारले.

"नाही आजी. एवढंच आहे."

ती आणखी थोडा वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे वळून, जणू ते माझ्या हातात असल्यासारखी, म्हणाली, "हात भरून आला असंल रं त्यांचा. एकदा मारू दे ना."