न मोडलेला तुकडा

केजला आमच्या मठात भजनाच्या कॅसेटींचं कपाट होतं. लोकांनी न्यायच्या, ऐकायच्या, आणून द्यायच्या. किल्ली माझ्याकडे, कारण बायकांत चौथी शिकलेली मी एकटीच. गावात केबल नुकतीच आली होती, कॅसेटी नेणारे कमी झाले होते. तेव्हा मठाचे नवे चिटणीस, म्हणजे माझे चुलत दीर, यांनी सोमवारच्या बैठकीसाठी पूर्ण यादी मागितली.

मी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा एक कमी. कोणती ते पहिल्याच वेळी कळलं होतं, तरी मोजत राहिले. मठातल्या म्हाताऱ्या बुवांचं भजन एकदाच भरलं होतं. दुसऱ्या वर्षी ते गेले. ती कॅसेट मी गेवराईच्या धाकट्या बहिणीला दिली होती, वहीत न लिहिता. बहिणीचं काय लिहायचं, असं वाटलं.

जेवण गेलं नाही. सकाळी जीप धरली, बीडला उतरून गेवराईची एसटी धरली. बसायला जागा होती तरी उभीच राहिले.

बहिणीने चहा ठेवला. मी कॅसेट मागितली. टेपमध्येच आहे म्हणून तिने ती लावली, आणि बुवांच्या जागी तीच बोलायला लागली. पुण्याला कामाला लागलेल्या पोराला निरोप भरला होता. शेंगा पाठवल्यात, दुखणं अंगावर काढू नको. एक बाजू अख्खी. जाणारं माणूस मिळालं की धाडणार होती.

“भरायचं बटन दाबलं अन् दबलं, अक्का,” ती म्हणाली. “तुझ्या दुसऱ्या कॅसेटींवर दबत न्हाई.”

दबणार कसं? कॅसेटच्या पाठीवर प्लास्टिकचे दोन तुकडे असतात, एकेका बाजूचा एक. ते मोडले की तिच्यावर पुन्हा भरता येत नाही. सगळ्यांचे मी मोडले होते. ही बुवांनी स्वतःच्या हाताने दिली, म्हणून हिचे मोडायला हात धजला नाही. बावळटपणा, दुसरं काय.

उलटी लावून पाहिली. दुसऱ्या बाजूला बुवा होते. पोराला पत्र मीच लिहून दिलं आणि कॅसेट पिशवीत टाकली.

बैठकीत दीर हळूच म्हणाले, “वहिनी, एक बाजू खराब झाली म्हणून लिवा. मिटला विषय.”

“खराब झाली न्हाई. पुसलीय. माज्या बहिणीनं, अन् माज्यामुळं.”

एकजण म्हणाला, किल्ली शाळेच्या मास्तरांकडे असलेली बरी. दीर यादीकडे बघत राहिले.

मी स्क्रूड्रायव्हर मागितला. उरलेल्या बाजूचा तुकडा सगळ्यांसमोर मोडला, मग कमरेची किल्ली काढून ठेवली.

घरी आले. झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. दिवे लागेपर्यंत चारदा हात कमरेला गेला.