पॅनमनने मागितलेली रजा

साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी हजेरी ठेवायचो. राहुरीकडे गळीत हंगाम जोरात आला की लग्नं, यात्रा यायच्या आणि खाडे वाढायचे. न सांगता राहिलेला माणूस चार दिवसांनी अर्ज घेऊन उभा राहायचा. दिवस तर गेलेलेच असत. मी मागच्या तारखेने रजा मंजूर करून टाकायचो.

पाथर्डीकडचा एक पॅनमन मात्र कधी चुकला नाही. उकळत्या पाकात साखरेचा दाणा धरायचं काम त्याचं. त्याची बायको आणि मुलगी गावी असत. एका गुरुवारी तो अर्ज घेऊन आला.

"भाऊसाहेब, दोन दिस द्या. मंडळी लई आजारी हाय. नगरला न्यावी म्हन्तो."

"दोघं आधीच गायब आहेत. तुम्ही गेलात तर पॅनवर कोण? सोमवारी जा."

मागे उभा असलेला फिटर हसला. "अर्ज कशाला करता दाजी? दांडी मारा. आल्यावर भाऊसाहेब सही करत्यात. इचारलं की आडकलात."

"पॅन टाकून कसं जावं?" एवढं म्हणून पॅनमन पाळीवर गेला.

रविवारी दुपारी त्याची बायको गेल्याचा निरोप आला, तेव्हाही तो पॅनवरच होता.

त्याच्या निवृत्तीच्या कार्यक्रमात मी भाषण केलं. बायको अंथरुणाला खिळलेली असताना या माणसाने कारखाना सोडला नाही, असं सांगितलं. टाळ्या पडल्या. त्याची मुलगी उठून बाहेर गेली. त्याने रजा मागितली होती, हे मी बोललो नाही. तोही बोलला नाही.

परवा एसटीने त्याच्याकडे गेलो. घरात तो एकटाच. मुलगी येत नाही, फोनही करत नाही. मी माफी मागितली.

"म्या सांगितलं हुतं तिला, रजा मागितली म्हनून," तो म्हणाला. "ती म्हन्ती, मग न इचारता का न्हाई आलात? बाकीचे जात्यात की."

चहा घेऊन निघालो. घरी आल्यावर, माझ्याकडेही बोलायला कोणी नाही, तेव्हा हे त्या मुलीसाठी लिहायला बसलो. बाई, न विचारता जाणाऱ्यांना मी कधी अडवलं नाही. तुमचे वडील विचारायला आले, आणि नाही म्हटलं तर ते थांबतील हे मला ठाऊक होतं. म्हणूनच मी नाही म्हणालो.