अकरा झाडं आणि निसर्गनगरीचा माळी

त्या अकरा झाडांची केस निघाली की आजही माझं डोकं तापतं. राग त्या मॅनेजरचा येतो, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा.

मी सातारा भागातला. दहावीनंतर शाळा सुटली, शिपाई म्हणून भरती झालो, घासत घासत फौजदार झालो. शेवटचं पोस्टिंग नागपूरला, घरापासून पार दुसऱ्या टोकाला. या खात्यानं माझ्या घरची चूल पेटवली, ते उपकार मी विसरत नाही. पण त्या उपकारापोटीच वरून फोन आला की मी खुर्चीतून उठून उभा राहायचो. हे आधीच सांगितलेलं बरं.

काटोल रोडला आमच्या हद्दीत एक निसर्गस्नेही नगरी आठेक वर्षं टप्प्याटप्प्यानं उभी राहत होती, काही बंगल्यांत माणसं राहायलाही आली होती. आखीव रस्ते, सायकलला वेगळी वाट, सौर दिवे, पावसाचं पाणी मुरवायचे खड्डे. प्रत्येक रस्त्याला झाडाचं नाव. माझा हवालदार पक्का नागपूरचा. पहिल्याच फेरीत म्हणाला, "साहेब, इथं झाडापेक्षा झाडाचे बोर्डच जास्त हायेत."

खरी जुनी झाडं मधल्या मैदानात होती. कडुनिंब, मोह, चिंच. ती एकाएकी वाळायला लागली. नगरीच्या मॅनेजरनं ठाण्यात फोन केला की तिथल्या माळ्याला कामावरून काढायची नोटीस दिली होती, त्या रागात त्यानं विष घातलंय. त्याच्या खोलीत औषधाच्या बाटल्या आहेत. मागोमाग लेखी तक्रार आली, आणि तिच्या मागोमाग वरून फोन: "लवकर निकाली काढा."

आम्ही गेलो. मॅनेजरनं एसीत बसवून चहा पाजला. वाळलेल्या झाडांच्या बुंध्याला बारीक भोकं होती. आत विष, आणि वरून रंगारी भिंतीच्या भेगा बुजवतात ती लांबी, सालीच्या रंगात कालवून भरलेली. माळ्याच्या खोलीत फवारणीच्या बाटल्या सापडल्या. माळ्याच्या खोलीत दुसरं काय सापडणार? पण तेव्हा हे सुचलं नाही. संध्याकाळी फिरायला निघालेली माणसं गेटवर उभी होती. त्यांच्यादेखत मी त्याला दंडाला धरून जीपमध्ये कोंबलं.

ठाण्यात म्हणालो, "कबूल कर."

"सात वर्षं पानी घातलं साहेब मी त्याइले. काहून मारीन?"

"नोटिशीचा राग."

"राग आला तर मॅनेजरले शिव्या देईन. देल्या बी. झाडानं माह्यं काय केलं?"

हवालदाराला हसू आलं. मला नाही आलं. मी माळ्याच्या कानाखाली वाजवली.

त्याची बायको बाहेर बाकावर बसून होती. हवालदार तिला म्हणाला, "घरी जा वं माय."

"जाईन. त्याले घेऊनच जाईन."

सकाळी तक्रार पुन्हा हातात घेतली. मी वाचनात कच्चा. कागद अजूनही ओळीवर बोट ठेवून वाचतो. बोट एका आकड्यावर थांबलं. 'अकरा झाडांना भोकं पाडून विष.' पंचनाम्यात आम्ही वाळलेली मोजली होती, ती नऊ.

पंचांना घेऊन परत गेलो. कोपऱ्यात दोन चिंचा हिरव्यागार उभ्या. बुंधा खरवडला, तर लांबीचा खपला निघाला. खाली ताजं भोक.

मॅनेजरला विचारलं, "या झाडांचं पानही गळलेलं नाही. यांना भोकं आहेत हे तुम्हाला कसं कळलं?"

"आमच्या माणसांनी बघितलं असेल."

"कोणी? बोलवा."

एक रंगारी आला. दहा मिनिटंही टिकला नाही. मैदानावर क्लब हाऊस होणार होतं. हिरवं झाड तोडायला परवानगी लागते, वाळलेल्याला कोणी विचारत नाही. मॅनेजरनं सांगितलं, यानं भोकं पाडली, आणि नाव माळ्याचं. तक्रार लिहिताना मॅनेजरनं मारायला घेतलेली सगळीच झाडं लिहून टाकली. दोघांवर गुन्हा दाखल केला. मॅनेजर त्याच दिवशी जामिनावर सुटला. क्लब हाऊस आज उभं आहे.

माळ्याला सोडताना मी म्हणालो, "चूक झाली. माफ कर."

तो म्हणाला, "माफी इथं नका मागू साहेब. इथं कोन आयकते? मले त्या गेटवर उचललं. आता कोनत्याबी बंगल्यात कामाले गेलो तर लोक म्हनतीन, हा झाडं मारनारा. तिथं चाला."

वरच्यांच्या कानावर गेलं तर काय, हा विचार आला. पण गेलो. वर्दीतच, त्याला आणि त्याच्या बायकोला जीपमध्ये पुढे बसवून.

या केसनं मला एकच शिकवलं. चहा पाजणाऱ्यानं मला बसवलं, आणि मी त्याला एकही प्रश्न विचारला नाही. माळ्याला मात्र पहिलाच शब्द 'कबूल कर'. आता चुकलो, तर माणूस जिथून उचलला, तिथंच नेऊन सोडायचा, सगळ्यांसमोर.

गेटवर तीच फिरणारी माणसं होती. मी म्हणालो, "या माणसानं काही केलेलं नाही. मी चुकीचा माणूस नेला होता."

कोणी थांबलं नाही. एकानं कानातला इअरफोनही काढला नाही. माळी माझ्याकडे बघत होता.

मी परत म्हणालो. या वेळी ओरडून.